पश्चिमेची भिंत

‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. परंतु बांधलेल्या घरास एखादी खोली जोडून पाहावी, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. नवे घर बांधावयाचे तर जागा मोकळी असते आणि मते थोडी असतात. जुन्या घरास जोड द्यावयाची तर जुन्या भिंतींचा कल, जमिनीचा स्वभाव, घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे मत आणि स्वतःची पूर्वीची चूक, इतक्या गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. गेल्या मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत हा अनुभव आमच्या कुटुंबाने घेतला. त्यातील जो भाग इतर घरांस उपयोगी पडण्याजोगा आहे, तेवढा या वेळी सांगावा असे योजिले आहे.

प्रसंग असा घडला. माझी धाकटी बहीण यजमानांच्या पश्चात् काही वर्षे पुण्यास एकटीच राहत होती. दिवाळीस ती राजापूरजवळच्या आमच्या घरी आली, तेव्हा भाऊबीजेची ओवाळणी झाल्यावर हळूच म्हणाली, “दादा, आता मला तुमच्यातच राहावेसे वाटते. पण कोणाची खोली अडवून मी राहणार नाही.” आमचे थोरले बंधू अण्णा हे घराचे कर्ते. त्यांनी तेथल्या तेथे सांगून टाकले, “अगं, तुझ्यासाठी पश्चिमेकडे खोली काढू.” सर्वांस आनंद झाला. मी मात्र गप्प राहिलो. कारण पश्चिमेच्या त्याच जागेवर मी पूर्वी एकदा खोली बांधविली होती.

ती गोष्ट २००६ सालची. आमच्या मातोश्रींसाठी ती खोली काढिली होती. जागा विहिरीच्या बाजूची व भरावाची. तेथे चिऱ्याची जड भिंत खचेल, म्हणून जोत्यावर लाकडी सांगाडा उभारून त्यास फळ्या माराव्या असे ठरले. कल्पना चूक नव्हती. चूक झाली ती निवडीत व बांधणीत. एका वखारीत ‘जंगली, पण पक्के लाकूड’ म्हणून फिकट रंगाच्या रुंद फळ्या मला स्वस्तात मिळाल्या. त्या बहुतांशी आंब्याच्या आहेत, हे सुताराने रंधा मारल्यावर सांगितले. तोवर पैसे देऊन झाले होते. वखारवाल्याचा दोष होताच, परंतु पुढचे सारे दोष माझे. फळ्या पुरत्या वाळलेल्या नसताना ठोकविल्या, खालची फळी अंगणाच्या मातीस टेकविली, मागे हवेस जागा ठेविली नाही, आणि वरून तेलरंगाचे दोन जाड हात देववून निश्चिंत झालो.

पहिला पावसाळा बरा गेला. तिसऱ्यात रंगास फुगे आले. पाचव्यात खालच्या फळीस बोट लाविले तर ते आत जाऊ लागले. शाळेत तीस वर्षे मी मुलांस घुणाक्षरन्याय शिकविला: लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या हातून नकळत एखादे अक्षर उमटावे, तसे अजाणता घडलेले कार्य. त्या वर्षी घुणाने माझ्याच भिंतीवर लिहिलेली अक्षरे मला वाचावयास मिळाली. विनोदाचा भाग एवढाच. मातोश्रींचा शेवटचा पावसाळा आम्हांस त्यांना माजघरात हलवून काढावा लागला. ओलीने त्यांचा खोकला वाढला होता. आपल्या खोलीतून उठविले याविषयी त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत, आणि म्हणूनच ते मला आजही सलते.

या कारणास्तव बहिणीच्या खोलीचा विचार निघाला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. अण्णांचे म्हणणे, एकदाच खर्च करा आणि सगळी भिंत सागाची करा. चिरंजीवांचे म्हणणे, लाकूडच नको. सिमेंटच्या तंतुमय तक्त्यांची भिंत केली की कुजण्याचा व वाळवीचा प्रश्नच मिटला. पुतण्याने परसातल्या फणसाकडे बोट दाखविले: घरचे लाकूड असता विकत का घ्यावे? आमच्या कुटुंबाने एवढेच विचारले की, मागच्या वेळी जे झाले ते कशामुळे झाले, हे आधी ठरले आहे का? खरा प्रश्न तोच होता.

चिऱ्याची भिंत पुनः का सुचली नाही, ते आधी सांगतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच व नऊ इंच जाड अशी चिऱ्याची भिंत घेतली तर ती पंचाहत्तर घनफूट होते आणि तिचे वजन चार टनांच्या आसपास जाते. तेवढ्याच क्षेत्राची एक इंच फळ्यांची भिंत सांगाड्यासह तीनशे किलोंच्या आसपास बसते. भरावाच्या जमिनीस हा फरक फार मोठा आहे. म्हणून भिंत लाकडाची, हे पक्के; लाकूड कोणते व ते लावावे कसे, एवढेच ठरवावयाचे होते.

मागच्या वेळचे सुतार आता वृद्ध झाले आहेत. काम त्यांचे चिरंजीव पाहतात. तरी मी मुद्दाम त्या वृद्ध गृहस्थांस बोलावून आणिले. त्यांनी जुन्या जोत्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, एकट्या आंब्याला दोष देऊ नका. तुम्ही तिथं साग लावला असता तरी खालची फळी गेलीच असती. उशिरा गेली असती, इतकंच.” हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे जे वाचले व विचारले, त्याने त्याची सत्यता पटली.

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि या बुरशीस जगावयास लाकडात ओल लागते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून ओल कमी राहिली तर कुजविणाऱ्या बुरशीचे काही चालत नाही. म्हणजे भिजणे निराळे आणि भिजून न वाळणे निराळे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छतास लाविलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत, कारण त्या डोंगराच्या पोटात कोरड्या आहेत. तोच साग कुंपणाचा खांब म्हणून मातीत पुरला तर एका पिढीतच त्याची मातीपाशी कंबर खचते. उलट नॉर्वे देशात बोर्गुंड येथे इसवी सन १२०० च्या सुमाराचे लाकडी प्रार्थनामंदिर उभे आहे. ते सागासारख्या नामांकित लाकडाचे नसून तिकडच्या पाइनचे आहे. त्या देशात याहून जुनी मंदिरे खांब जमिनीत पुरून बांधीत, ती कुजून गेली. पुढे लोकांनी खांब दगडावर टेकविलेल्या तुळयांवर उभे केले, वरून डांबर देत राहिले, आणि आठशे वर्षे लाकूड टिकले. या दोन उदाहरणांचे तात्पर्य गृहस्थाने ध्यानात ठेवावे: लाकडाची जात ही टिकाऊपणाची अर्धी बाजू, उरलेली अर्धी बाजू ते कोरडे होण्यास वाव मिळतो की नाही, ही होय. पहिली बाजू पैशाने मिळते, दुसरी बव्हंशी विचाराने मिळते. ज्याच्याजवळ पैसा बेताचा आहे त्याने दुसरीवर अधिक भर द्यावा.

आता पहिल्या बाजूविषयी. संस्कृतात ‘सार’ शब्दाचा एक अर्थ झाडाचा आतला घट्ट गाभा असा आहे. सुतार त्यास नार म्हणतात. जिवंत झाडात पाणी वर नेण्याचे काम बाहेरचे फिकट लाकूड करते. त्यात पिष्ट व शर्करा असतात, म्हणून कीड प्रथम तेथे लागते. गाभा बनताना झाड त्यात तेले, राळ व तुरट द्रव्ये साठविते; लाकडाचा रंग आणि टिकाऊपणा बहुधा त्यांचा असतो. म्हणून ‘सागाची फळी’ एवढे म्हणून भागत नाही. तिच्या कडेस पांढरट पट्टा असेल तर तेवढा भाग सागाचा असूनही असारच. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या जुन्या सागाची कीर्ती त्याच्या गाभ्यामुळे आहे. लागवडीचा कोवळा साग बाजारात पुष्कळ येतो. त्यात हा पांढरा भाग अधिक असतो. फळीचे टोक पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने लाकडांची परीक्षा घेण्याची एक सरळ पद्धत वापरली आहे. लाकडाचे सारखे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ठेवायचे आणि ते किती महिने टिकतात हे पाहावयाचे. सरासरी १२० महिने वा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा, त्याहून कमी तर तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. आंबा व सावर तिसऱ्यात. ही परीक्षा मातीत पुरलेल्या लाकडाची आहे, हे मात्र विसरू नये. जमिनीपासून दूर, वळचणीखाली असलेली फळी याच्या कितीतरी पट टिकते.

कोकणात मिळणाऱ्या लाकडांपैकी भिंतीच्या फळ्यांसाठी मी जी पाहिली ती येणेप्रमाणे. साग उत्तम; तो पाण्याने फारसा फुगत नाही व वाकत नाही; दोष एकच, भाव. ऐन व किंजळ ही आमच्या जुन्या घरांच्या खांबा-वाशांची लाकडे. बळकट खरी, परंतु जड आणि वाळताना भेगा पडणारी. त्यांची फळी अरुंद काढावी व सावकाश सावलीत वाळवावी. शिवण हलकी, वाकत नाही, पाटास व पाळण्यास आवडती. आतल्या बाजूस ती फार चांगली. फणस मध्यम वजनाचा, रंध्यास सुखाचा, गाभ्यास वाळवी सहसा न लागणारा. त्याचा पिवळा रंग उन्हाने हळूहळू तपकिरी होतो. दक्षिणेत पद्मनाभपुरमच्या राजवाड्यात फणसाचा कोरीव खांब आहे, त्यावरून त्याची योग्यता कळावी. आंबा, सावर व पेट्यांच्या फळ्यांचे चिडाचे लाकूड ही पश्चिमेच्या भिंतीस घेऊच नयेत.

फणसाचे नाव निघताच पुतण्याने पुनः परसातल्या झाडाकडे पाहिले. तेव्हा बहीण, जी इतके दिवस चर्चेत काही बोलली नव्हती, ती म्हणाली, “आईच्या खोलीवर दुपारची सावली धरणारा तोच होता. माझ्या खोलीसाठी तो पाडू नका.” भावनेची गोष्ट म्हणून कोणी ती बाजूस सारील, परंतु व्यवहारही तिच्याच बाजूचा निघाला. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे आहेत; आपल्या परसातले झाड तोडावयासही वृक्ष अधिकाऱ्याची अनुज्ञा लागते. शिवाय आज तोडलेले लाकूड आज उपयोगी पडत नाही. मोकळ्या हवेत वाळविताना फळीच्या दर इंच जाडीस सुमारे एक वर्ष धरण्याचा जुना ठोकताळा आहे. आणि भिंतीपासून पंधरा पावलांवरचे ते झाड पश्चिमेचे ऊन व झडीचा जोर अंगावर घेते, हे निराळेच. फणस राहिला.

लाकूड मिळाले ते निराळ्याच मार्गाने. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कोकणात असंख्य झाडे पडली. शेजारच्या वाडीतील एका गृहस्थांचा जुना फणस त्यात उन्मळला. त्यांनी रीतसर परवानगी काढून त्याच्या फळ्या कापविल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून, थर लावून ठेविल्या होत्या. चार पावसाळे पाहिलेले ते लाकूड मला नव्या सागाच्या निम्म्याहून कमी भावात मिळाले. त्याखेरीज महामार्गाच्या रुंदीकरणात उतरलेल्या एका घराचे जुने सागवान थोडेसे घेतले. जुने लाकूड घेताना त्यातील मोडके खिळे काढून घ्यावे व टोकांवर हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ वाजले तर आत वाळवी राहून गेली आहे असे समजावे.

वाळले म्हणतात ते खरेच वाळले आहे का, हे घरी तपासण्याची रीत सोपी आहे. फळीच्या टोकापासून हातभर आत एक लहान तुकडा कापावा, लगेच तोलावा, आणि भट्टीत उकळत्या पाण्याच्या उष्णतेहून किंचित अधिक उष्णतेवर वजन घटावयाचे थांबेपर्यंत ठेवावा. सूनबाईंनी केक भाजण्याची भट्टी यासाठी एक दिवस मोठ्या मनाने दिली. आमचा तुकडा २३० ग्रॅम होता, तो २०० वर येऊन स्थिरावला. घटलेले ३० ग्रॅम भागिले कोरडे २००, म्हणजे पंधरा टक्के ओल. बाहेरच्या भिंतीस आमच्या दमट हवेत एवढी चालते. २००६ साली ही परीक्षा मी घेतली असती तर पुष्कळ पुढचे टळले असते.

फळ्या किती लागतील याचा हिशेबही आधी मांडावा; वखारीत उभे राहून मांडू नये. आमची पश्चिमेची भिंत अठरा फूट लांब व जोत्यावर आठ फूट उंच, म्हणजे १४४ चौरस फूट. चार फूट बाय तीन फूट अशा दोन खिडक्यांचे २४ वजा केले, राहिले १२०. फळी सहा इंच रुंद. प्रत्येक फळी खालच्या फळीवर एक इंच चढते, म्हणून दिसते ती पाच इंच. १२० ला सहाने गुणून पाचाने भागिले की १४४ येतात. तुकडे व गाठी वाया जातात त्यांचे शेकडा दहा धरिले, म्हणजे सुमारे १६० चौरस फूट. जाडी एक इंच असल्याने बाराने भागावे: सव्वातेरा घनफुटांच्या किंचित वर. एवढाच आकडा घेऊन वखारीत गेलो. त्यामुळे दुकानदाराचा अंदाज मानावा लागला नाही.

आता बांधणी. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ न पडता पश्चिमेकडून आडवा येतो. पूर्वी घरोघर ज्येष्ठात पश्चिमेच्या भिंतीस माडाच्या झापांचा आडोसा बांधीत व पावसाळा सरला की सोडीत. त्या झापांत आणि भिंतीत मोकळी जागा राही. भिजे तो झाप, भिंत कोरडी राही. लाकडी फळ्यांची भिंत म्हणजे असा कायमचा झापच होय, असे समजून ती बांधावी. आम्ही सांगाड्यावर प्रथम पाणी न शिरू देणारा कागद लाविला, त्यावर पाऊण इंच जाडीच्या उभ्या रिपा मारल्या, आणि त्या रिपांवर आडव्या फळ्या. त्यामुळे फळ्यांच्या पाठीमागे सर्व भिंतभर पाऊण इंच पोकळी राहिली. खाली व वर ती उघडी ठेवून बारीक जाळी मारली, म्हणजे हवा खेळते पण उंदीर व गांधीलमाश्या आत शिरत नाहीत. फळीच्या मागे पाणी गेलेच तर ते निथळून खाली उतरते, आणि वाऱ्याने फळी दोन्ही बाजूंनी वाळते. मागच्या भिंतीत हीच एक गोष्ट नव्हती.

दुसरे, जमिनीचा संबंध तोडावा. या वेळी जोते चिऱ्याचे दोन फूट उंच घेतले. अंगणावर आपटून उडणारे पाणी बहुधा त्याच्या खालीच राहते. जोत्याचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता ठेविला, आणि सर्वांत खालची फळी त्याच्या पुढे किंचित येऊन तिच्या बुडाशी एक खाच मारली, म्हणजे पाण्याचा थेंब आत न वळता तेथूनच सुटतो. खालच्या तीन ओळी आणि कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या त्या जुन्या सागाच्या केल्या. त्यांवरच्या सर्व ओळी फणसाच्या. जेथे पाणी अधिक तेथे उत्तम लाकूड, जेथे कमी तेथे मध्यम: अण्णांच्या सागाचा मान राहिला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

तिसरे, वळचण. छपराचे पाखे भिंतीच्या पुढे तीन फूट आणविले. दोन ओळी कौले अधिक लागली, परंतु भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागावर पाऊस क्वचितच पोहोचतो. लाकडाच्या प्रतीवर खर्च करावयाचा की वळचणीवर, असा प्रश्न पडला तर वळचणीवर करावा.

चौथे, खिळे. समुद्राच्या हवेत लोखंडी खिळा गंजतो, आणि लाकडातील तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन फळीवर शाईसारखे काळे ओघळ उतरतात. स्टेनलेस स्टीलचे खिळे महाग असले तरी सगळ्या भिंतीस लागतात ते थोडेच. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र ऋतूप्रमाणे कमीअधिक होते. सहा इंच फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत अर्धा ते एक सूत फुगू शकते. म्हणून एक खिळा दोन फळ्यांतून मारू नये. वरच्या फळीचा खिळा खालच्या फळीच्या माथ्यास चुकवून मारावा, म्हणजे दोघींस हलावयास जागा राहते आणि भेगा पडत नाहीत. फळीचे कापलेले टोक पाणी सर्वाधिक पिते. कापल्याबरोबर त्यास तेल वा रंग पाजावा. हे काम मी स्वतः हातात ब्रश घेऊन केले. सुतारांस त्याचा कंटाळा असतो.

राहता राहिले लेप. उन्हाने लाकडाचा वरचा पापुद्रा करडा होतो, त्यास घाबरू नये. अमेरिकेतील मॅडिसन येथील लाकूड-प्रयोगशाळेच्या अंदाजाप्रमाणे उघड्यावरचे नरम लाकूड अशा झिजेने शंभर वर्षांत सुमारे पाव इंच जाते. भय झिजेचे नाही, साठलेल्या ओलीचे आहे. जाड तेलरंग वा चकचकीत व्हार्निश एकदा फुटले की पाणी आत घेते आणि बाहेर सोडत नाही. त्यापेक्षा लाकडात मुरणारे, थोडा रंग मिसळलेले तेल बरे; रंगाचे कण उन्हास अडवितात. नुसते जवसाचे तेल दमट हवेत बुरशीस खाद्य होते, म्हणून बुरशीनाशक घातलेले घ्यावे. काजूच्या टरफलाचे तेल कोकणात जुने आहे व गुणकारी आहे, परंतु ते कातडीस भाजते. हातमोज्यांवाचून त्यास शिवू नये. एक इशारा सर्वांसाठी: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप तापून पेट घेतो. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या, मगच टाकाव्या.

औषध पाजलेले लाकूडही मिळते. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचा योग करून लाकूड टिकविण्याची युक्ती १९३३ मध्ये डेहराडून येथे सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधिली व ती जगभर पसरली, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. परंतु त्यातील आर्सेनिकामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामास असे लाकूड बनविणे बहुतांशी बंद झाले. माणसे राहतात त्या खोलीस मी ते घेतले नाही. कोणी घेतलेच, तर त्याचे तुकडे चुलीत वा बंबात कदापि जाळू नयेत. टाकणखाराचे औषध सौम्य असते, पण पावसाने धुऊन जाते. म्हणून ते फक्त आतल्या सांगाड्यास दिले.

चिरंजीवांच्या सिमेंटी तक्त्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. ते कुजत नाहीत, वाळवी लागत नाही, देखभाल थोडी. ज्या घरात दर दोन-तीन वर्षांनी भिंतीस तेल देणारे कोणी नाही, त्यांनी तेच घ्यावे. लाकूड दुरुस्त होते, एक फळी काढून दुसरी घालता येते, हा त्याचा गुण. पण त्याकडे पाहणारे माणूस घरात हवे, ही त्याची अट. आमच्या घरी माणसांची वाण नाही, म्हणून लाकूड.

स्वस्त कशास म्हणावे, याचे एक उदाहरण मुलांस घालतो तसे घालतो. समजा, एका भिंतीस एक भाग पैसा लागला व ती सहा वर्षे टिकली. दुसरीस चार भाग लागले व ती चाळीस वर्षे टिकली. तिसरीस दोन भाग लागले व ती तीस वर्षे टिकली. दर वर्षाचा खर्च पहिलीचा सहावा भाग, दुसरीचा दहावा, तिसरीचा पंधरावा. पहिली भिंत मी २००६ साली विकत घेतली होती. आणि त्या हिशेबात मातोश्रींच्या त्या पावसाळ्याची किंमत धरलेलीच नाही.

खोली चैत्रात पुरी झाली. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी विजेरी घेऊन खालच्या जाळीपाशी बसून पाहिले. पोकळी कोरडी होती. एक पावसाळा म्हणजे परीक्षा नव्हे, हे जाणतो. दसऱ्यानंतर भिंत धुवावी, माथ्यांची टोके पाहावी, कोठे काळा डाग दिसला तर तेथे पाणी का थांबले ते शोधावे, आणि मग तेल द्यावे, असा क्रम पुतण्याने आपल्याकडे घेतला आहे.

बहिणीने मातोश्रींचा जुना पलंग त्याच भिंतीशी मांडून घेतला. तो दोन इंच अलीकडे ओढ, आतूनही हवा लागू दे, असे मी तिला सांगितले. ती हसून म्हणाली, “दादा, आईलासुद्धा इतकी हवा लागू दिली नव्हतीत.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी पलंगाचे एक टोक धरले, तिने दुसरे, आणि आम्ही तो अलीकडे ओढला.